बाबांच्या खोलीतलं मशीन

प्रिय दादा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहू शकते आहे.

बाबांच्या कोरड्या खोकल्यासाठी तू हवेत ओलावा सोडणारं मशीन पाठवलंस. गेले सोळा दिवस ते त्यांच्या खोलीतून काढून मी हॉलमध्ये, माझ्या फर्नच्या कुंडीशेजारी ठेवलं होतं. फर्नची पानं कडेनं करपत होती. दोनच दिवस, असं मी स्वतःला सांगितलं. मग एक कोवळं पान मिटल्या मुठीसारखं वर आलं, हळूहळू उलगडलं, आणि मशीन परत नेववेना. बाबांसाठी दिवसभर राबले तरी काही उलगडताना दिसत नाही. हे कारण आहे, सबब नाही. की सबबच आहे?

रविवारी तू फोनवर विचारलंस, "फायदा होतोय ना गं?"

"खूप," मी म्हणाले. डोळ्यांसमोर फर्न होता.

आज मशीन उचलून त्यांच्या खोलीत नेलं. दुरुस्तीला दिलं होतं, असं सांगणार होते. बाबा खोकला आवरत म्हणाले, "अगं, कशाला आणलंस? तुझं झाड वाळेल ना!"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

"दादाला सांगू?" मी विचारलं.

"त्याला कशाला? उगाच तुला बोलेल."

तू मला बोलायलाच हवंस, दादा. पण येत्या रविवारी तू पुन्हा तेच विचारशील, आणि माझ्याआधी बाबाच "हो" म्हणतील.

जिच्या भरवशावर बाबांना ठेवून गेलास ती,
तुझी धाकटी