पुलाचे पुस्तक परत मागवावे म्हणून

प्रति,
मा. ग्रंथपाल साहेब,
सार्वजनिक वाचनालय, पुणे शहर.

विषय : रेल्वेपुलाच्या बांधणीवरील ग्रंथ आमच्या घरून तातडीने परत मागवणेबाबत.
संदर्भ : तोच ग्रंथ तातडीने मिळावा म्हणून मीच गेल्या दिवाळीत केलेला अर्ज.

महोदय,

१. माझी कन्या शालन हिचे लग्न तळेगाव दाभाड्याच्या मारुतरावांच्या चिरंजीवांशी ठरले. सुपारी फुटली त्याच बैठकीत उत्तरेतल्या एका मोठ्या रेल्वेपुलाचा विषय निघाला. आमचे यजमान म्हणाले, आधी बांध घालून नदी वळवली, मग कोरड्यात पाया खणला. व्याही म्हणाले, "ती नदी हाय, ओढा न्हाई. वाळूत विटांची विहीर बांधायची, आतली वाळू उपसायची, की विहीर आपल्या वजनानं खाली उतरती. त्योच पाया." यजमान हसले. व्याही न जेवता उठले. लग्न तिथेच अडले.

२. म्हणून मी पुस्तक मागितले. प्रथम आलेल्या ग्रंथात पूल बांधणाऱ्या साहेबाच्या मातृभक्तीवर दोन प्रकरणे होती आणि पायाविषयी एकच ओळ : 'यथावकाश पाया घातला गेला.' ही ओळ दोन्ही पक्षांनी आपल्याच बाजूची मानली.

३. नंतर आपण शोधून धाडलेला ग्रंथ मात्र खरा. विटांच्या भाजणीपासून नकाशांपर्यंत त्यात सगळे आहे, पण इंग्रजीत. उभय घरांत इंग्रजी येते ते फक्त जावईबापूंना; ते पिंपरीला औषधांच्या कारखान्यात आहेत. ते दर रविवारी येऊन मराठीत सांगू लागले, मागोमाग व्याहीही येऊ लागले. तिसऱ्या प्रकरणात निकाल लागला. काठालगत बांध, मधल्या धारेत विहिरी. दोघेही बरोबर निघाले व एकमेकांना गूळ भरवते झाले.

४. माझी अडचण इथून सुरू होते. मुहूर्ताचे नाव काढले की यजमान म्हणतात, "थांब, मधली विहीर तिरकी उतरतेय." व्याही म्हणतात, "ती सरळ झाल्याबिगर मन लागायचं न्हाई." जावईबापू एका परिच्छेदाला दोन चहा घेतात आणि चहा शालनच नेते, त्यामुळे त्या दोघांनाही घाई दिसत नाही. चैत्र तोंडावर आला. ग्रंथ निम्मा बाकी आहे.

५. तरी आपण यजमानांच्या नावे कडक शब्दांत मागणीपत्र धाडावे. त्यात या अर्जाचा उल्लेख नसावा.

६. लग्न उरकल्यावर तोच ग्रंथ माझ्या नावे द्यावा, ही वेगळी विनंती. काल अर्ध्या बांधकामावर पूर आला, तिथे वाचन थांबले. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. किती विहिरी उरल्या, हे कळेपर्यंत मलाही करमणार नाही.

आपल्या पत्राची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सौ. मंजुळाबाई अर्जुनराव वाल्हेकर
मु. चिंचवड, ता. हवेली
दि. १० फेब्रुवारी १९५८

सोबत : मातृभक्तीचा ग्रंथ, साभार परत.