जावेच्या छातीवरच्या रेघा

आयतवार, दिवेलागण

जीव थकला आज. धाकट्या जावेला दवाखान्यातून दोन दिवस घरी आणलंय. तिच्या कॅन्सरच्या गाठीला मशीनचा शेक चालू हाय. तो कुठं द्यायचा, त्याच्या जांभळ्या रेघा छातीवर काढल्यात. जिल्हा नवा झाला तरी नळ कोरडाच. आठ दिवसांनी टँकर आलं, म्हणलं बाईला न्हाऊ घालावं. डाळीचं पीठ लावून खसाखसा चोळलं. रेघा गेल्या.

पोरगी माझी त्याच दवाखान्यातली मोठी डाक्टर, शेकाच्या संशोधनाची मुख्य; तीच जावेला घेऊन आलीय. बघून खालीच बसली.

"माय, आता मापं पहिल्यापासून. शेक लांबला तर गाठ थांबत न्हाई."

"मग वरड की माझ्यावर!"

"काय वरडू? रेघा धुऊ नका, म्हणून काकूला कागदावर लिहून दिलं होतं."

जाऊ म्हणली, "मला कुठं वाचता येतंय? अन् अक्का घासताना कुणाचं ऐकती व्हय?"

एवढं शिकली पोरगी, अन् मी एका तांब्यात पुसलं. काय म्हणावं मला?

पोरीनं वही काढली. "कागदावर कसं लिहू, माय, की पुन्हा कुणी रेघा धुणार न्हाई?"

"लिहू नको. न्हाऊ घालणारीला बोलावून सांग."

"मग चल तूच, दवाखान्यात आजाऱ्यांसंगं आलेल्या बायांना सांग."

पिशवी भरलीय. गाडी पहाटेची हाय.