एवढा एक सीन

नायगाव (जि. नांदेड)
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजू,

दिवाळी चांगली गेली असेल. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांची शुगर थोडी वाढली आहे, पण चकलीचा डबा काही त्यांच्या हातून सुटत नाही. मी अजून अंगणवाडीतच आहे.

तू लातूरला आपल्याच कॉलेजात शिकवतेस आणि नाटकंही बसवतेस, हे आमच्या आरतीकडून कळलं. आरती म्हणजे माझ्या भुजंगदादाची मुलगी, यंदाच्या तुझ्या गॅदरिंगच्या नाटकातली. तिच्याकडून आणखी एक बातमी कळली. मी मेले आहे.

तुझा नंबर तिनं दिलाय. पण मेलेल्या बाईनं फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून हे पत्र.

भाऊबीजेला अहमदपूरला माहेरी गेले होते. मी दादाला ओवाळत होते आणि ही पोरगी शेजारी बसून रंगवून सांगत होती. "आत्या, आमच्या हॉलात भूत हाय. लई वर्षांखाली एक पोरगी नाटकाच्या दिवशीच मेली. विंगेत तिच्या एकाच पायाचा आवाज येतो, कारण तिची एक चप्पल मागच्या दाराच्या पायरीवर राहिली होती. पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवतो आम्ही. वर नारळ ठेवतो, फूल ठेवतो."

मी हसणारच होते. आपल्या त्या गळक्या हॉलात भूत टिकेल तरी कसं, पोपडे अंगावर पडून तेच पळून जाईल. तेवढ्यात आरती म्हणाली, "अन् ती म्हणती काय, माहिताय? अण्णा, एवढा एक सीन होऊ द्या, मग येते मी."

मी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. दादानं माझ्याकडं बघितलंच नाही. पाटावर बसल्या बसल्या टोपी सारखी करत म्हणाला, "ऐकलंस का? असल्या जागी आपली पोरगी न्हाई जायची. नाटकबिटक बंद." आरतीचं तोंड एवढंसं झालं. मुख्य काम तिचंच आहे ना.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. चप्पल काय, कुणालाही सापडली असेल. पण ते माझं वाक्य? मी नाटकात काम करते हे गावात कळलं आणि अण्णा मला न्यायला आले, त्या दिवशी मागच्या दारात आम्ही तिघंच होतो. अण्णा, दादा आणि मी, वडील आणि त्यांची दोन लेकरं. पडदा वर गेला होता, बाकी सगळे पुढं. अण्णा आता नाहीत. दादा ते वाक्य मेला तरी कुणाला सांगणार नाही. आणि माझ्या लग्नात तू म्हणालीस, "मला काहीच कळलं नाही गं, मी स्टेजवर होते."

स्टेजवर होतीस तर ऐकलंस कसं?

हेच विचारायला पत्र घेऊन बसले आणि ह्यांच्या शुगरबद्दल लिहीत राहिले. तू विंगेत पडद्याआड उभी होतीस ना मंजू? तू हाक मारली असतीस तरी अण्णा थांबले नसते, हे मलाही कळतं. पण कुणीतरी आपल्या बाजूचं आहे, एवढं तरी मला कळलं असतं. अहमदपूरच्या एसटीत एक पाय अनवाणी घेऊन बसले होते तेव्हा तेवढंही पुरलं असतं.

आणि मग मला मारून का टाकलंस? आरती सांगते, तालमीच्या वेळी मागच्या दाराला आतून कडी असते. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ त्या दारातून आला तर 'ती' खवळते म्हणे, म्हणून घरचे लोक तालमीकडे फिरकत नाहीत. हे ऐकलं आणि माझा उरलासुरला संशयही फिटला. हे तुझंच काम. पोरींच्या राखणीला तू मला त्या दारात बसवलंस. राग यावा की रडू, अजून ठरत नाही. पण तुझं भूत आता तुझ्यावरच उलटलंय. त्याच्याच नावानं दादा पोरीला घरी बसवतोय.

आणखी एक सांगते, ते सांगणं जड जातंय. दादा "बंद" म्हणाला तेव्हा मी काय केलं? काही नाही. करंज्या वाढल्या. मेलेली पोरगी मीच, समोर धडधाकट उभी, आणि भाचीसाठी तोंडातून शब्द फुटला नाही. तू विंगेत कशी उभी राहिली असशील ते मला तिथं कळलं.

घरी आल्यावर चैन पडेना. काल दादाला फोन लावला. समजावायचं म्हणून बरंच काही ठरवलं होतं, तोंडून निघालं एवढंच, "दादा, एवढा एक सीन होऊ दे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाला, "एकटी नगं. नाटक होईस्तोवर तू बसशील का तिथं?"

बसेन म्हणाले.

तेव्हा ती कोपऱ्यातली खुर्ची रिकामीच ठेव. नारळ मात्र उचल, मला बसायला अडचण होईल. तू का गप्प राहिलीस ते मागच्या पायरीवर बसून सांग, पत्रानं कळवू नकोस. खोटं बोललीस तर तोंडावरून ओळखेन. आणि पोरींना आधीच सांगून ठेव, नाहीतर घाबरतील बिचाऱ्या. यंदा दोन्ही पायांचा आवाज येणार आहे.

तुझी, अजून जिवंत असलेली,
राजकन्या