पुन्हा सांगायचं राहिलेलं

मी, माक पुई-कुआन, वय ४७, अविवाहित, महाविद्यालयातील ग्रंथपाल, राहणार शाम शुई पो, हाँगकाँग, शरीराने थकलेली पण पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं; ते रागात केलं होतं.

१. राहता फ्लॅट धाकटा भाऊ माक शिउ-केइ, हल्ली टोरांटो, याला द्यावा. पुढे "भरपाई म्हणून नव्हे" असं लिहिलं होतं. खोटं वाटलं, खोडलं.

२. बँकेत फारसं उरलेलं नाही. दोन वर्षं औषधांपायी बियाणंच, म्हणजे साठवलेलंच, खात आले. उरेल त्यातून अंत्यविधी उरकावा. अंत्ययात्रेला बँड नको.

३. माझ्या रोजनिशीच्या चौदा वह्या भाची लोक-यानला, केइच्या मुलीला. ती टोरांटोत वाढली. आजीची बोली तिला कळणार नाही, म्हणून अर्थ लिहिले आहेत. माशांच्या गोळ्यांच्या गाडीवर गिऱ्हाईक जमलं की आई म्हणायची, "पाणी आलं गं!" पाणी म्हणजे पैसा. डुकराच्या पिंजऱ्यात पाणी शिरावं तसा, सगळ्या भोकांतून, तो घरात यावा, हा तिचा नववर्षाचा आशीर्वाद. शेअरमध्ये अडकलेला माणूस म्हणजे बांधलेला खेकडा.

४. हे कलम अंत्यविधीनंतरच्या जेवणात, केइ आणि सगळे नातेवाईक बसल्यावर, मोठ्याने वाचावं.

केइच्या सांगण्यावरून आईने शेअर घेतले आणि ते कोसळले. २००९च्या नववर्षाच्या जेवणात मी सर्वांसमोर म्हणाले, "आईचा खेकडा केलास तू!"

आईने टेबलावर हात आपटला. "सणाच्या दिवशी अभद्र बोलतेस? थुंक, म्हणजे बोललेलं पुसलं जाईल, आणि पुन्हा नीट बोल!"

मी थुंकले नाही.

"राहू दे आई," केइ म्हणाला, "शिकलेली ना ताई, तिचं कसं चुकेल?" त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. त्यानंतर तो आमच्या पंगतीला बसला नाही.

भाव पडण्याआधी आईचा मला फोन आला होता. "केइ म्हणतोय, आत्ताच विकून टाक. विकू का गं?"

"थांब," मी म्हटलं, "अजून चढेल."

हे आईने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. त्या दिवशीच्या वहीत मी फक्त हवामान लिहिलं आहे.

थुंकले. आता पुन्हा सांगते: केइने विकायला सांगितलं होतं. अडवलं मी.

वरील मजकूर वाचून, आम्हा दोघींदेखत सही केली:
साक्षीदार: आऊ लाइ-फोंग, चष्म्यांचं दुकान, तळमजला
साक्षीदार: तोंग मेइ-हा, सहकारी ग्रंथपाल

(सही) माक पुई-कुआन
शाम शुई पो, १४ ऑक्टोबर २०२३. हवा कोरडी.