गाडी मोचीच्या दुकानापर्यंतच येते

घर बांधायला तुला सपाट जमीन मिळाली नाही का? माणसं पाण्याची सोय बघून घर बांधतात, बाजाराची सोय बघून बांधतात. तू शेळीची सोय बघून बांधलंस. त्या चढावर पायी यायला माझ्याकडे गुडघे नाहीत, बस खालच्या पाण्याच्या टाकीपाशीच माणसं ओतून माघारी फिरते, आणि आमची गाडी काय लायकीची आहे ते पुढे सांगतेच. हे आधी लिहून घेतलं, कारण एकदा आशीर्वाद लिहिला की मग मोकळेपणी बोलता येत नाही.

तर चि. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. (चिरंजीव म्हणावं असं तुझं वय राहिलेलं नाही, पण मी आहे तोवर तू धाकटीच.) तुझी तब्येत कशी आहे? पायाचं हाड जुळलं म्हणतात, काठी सुटली का? माझं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. गुडघे गेले, दात गेले, जीभ शाबूत आहे. पत्र माझं मीच लिहिते आहे. नातीला सांगितलं असतं तर तिने माझा एकेक शब्द धुऊन इस्त्री करून घातला असता. तुझी माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा एखादं जोडाक्षर अडलं तर अंदाजाने वाच, मीही अंदाजानेच लिहिलेलं आहे.

नातीकडूनच कळलं की तुझा मुलगा आणि सून आलेत आणि महिनाअखेरीला मुलगा तुला कायमचं त्याच्याकडे घेऊन चाललाय, जिथे विमानातून उतरल्यावर पुन्हा विमानात बसावं लागतं. मला कळवावं असं तुला वाटलं नाही. आई गेल्यावर तिच्या शिलाई मशीनवरून आपलं जे झालं, त्याबद्दल मी इथे एक अक्षर काढणार नाही. मशीन आईने स्वतः माझ्या हवाली केलं होतं आणि तू जाता जाता त्यातली बॉबिनची डबी काढून पदराच्या गाठीत नेलीस, हेही मी काढणार नाही. तेव्हापासून मशीन माझ्याकडे, डबी तुझ्याकडे, शिवण दोघींचीही बंद. ते असो. जाण्याआधी एकदा तुझं तोंड बघून घ्यावं असं माझ्या मनात आलं, आणि तिथेच माझं चुकलं.

माझा मुलगा वजनकाटे दुरुस्त करतो हे तुला ठाऊक आहे. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे त्याच्या टेबलावर पालथे पडलेले असतात, आणि खोटं वजन आपल्याला नुसत्या नजरेने कळतं असं त्याचं म्हणणं असतं. एवढा पारखी माणूस, पण गाडी घेताना विचारलं काय, तर पेट्रोल किती पिते. कमी पिते, खरं आहे. पण जो जेवतच नाही त्याच्याकडून पोती उचलायची आशा कशी धरायची? सपाटीवर ती नव्या नवरीसारखी चालते. चढ दिसला की तिला माहेर आठवतं. मी म्हटलं होतं, भाड्याची जीप कर. पण दारात स्वतःची गाडी असताना भाड्याने जायचं म्हणजे त्याचं नाक कापल्यासारखं झालं. आता नाक जागेवर आहे, क्लच बदलायला टाकलाय.

पहिल्यांदा निघालो ते सगळेच. पुढे मुलगा आणि मी, माझ्या पायाशी माझं गाठोडं, मागे सून आणि नात. टाकीपर्यंत मुलगा शीळ घालत होता. टाकी मागे पडली तशी शीळ बंद झाली. मग त्याने गाडीतलं गाणं बंद केलं, मग थंड हवा बंद केली, मग आम्हाला बोलायचं बंद केलं, जणू शब्दांचंही वजन इंजिनावर पडतं. गाडी दुसऱ्यावरून पहिल्या गियरवर आली आणि त्यापुढे मोजायला काही उरलंच नाही. एक म्हातारा हातात दुधाची पिशवी घेऊन आमच्या शेजारून चालत पुढे गेला. वर पोचून परतही आला, तेव्हा आम्ही मोचीच्या दुकानासमोर पोचलो होतो. तिथे वळणावर गाडीने एक उसासा टाकला आणि मागे सरकायला लागली. सुनेने उडी मारून चाकाला दगडाची उटी लावून गाडी अडवली म्हणून बरं, नाहीतर तू जायच्या आधी आम्हीच गेलो असतो.

मोची भला माणूस. त्याने मला बाकावर बसवलं आणि म्हणाला, आजी, आजवर लोक चपला झिजल्या म्हणून माझ्याकडे आले, गाडी झिजली म्हणून तुम्हीच. त्याच्या बाकावरून तुझी गॅलरी दिसते. तू उभी होतीस. तू हात केला नाहीस. मीही केला नाही. (माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तुझ्या हातात काय होतं ते तुझं तुला माहीत.)

घरी येऊन मुलाने गाडीची डिकी उघडली, तर आत त्याचीच काटे तपासायची लोखंडी वजनं. दुसऱ्याचं खोटं वजन नुसत्या नजरेने पकडणारा माझा बाब्या स्वतःच्या डिकीत लोखंडाचं दुकान घेऊन डोंगर चढत होता. मी काही बोलले नाही. (थोडंसं बोलले.) त्यावर त्याने मनावर घेतलं. जादा चाक काढलं, पान्ह्यांची पेटी काढली, मागची सीट काढली. नातीला घरी ठेवायचं ठरलं. मग पोती मोजायचा मोठा काटा अंगणात आणला आणि गाडीत बसणाऱ्याला आधी काट्यावर चढवलं. सुनेचं वजन त्याने मोठ्याने वाचलं. शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिचा हात तारेवरच राहिला. सून तेव्हापासून त्याच्याशी खुणांनी बोलते. माझं वजन त्याने हळू वाचलं, एवढी लाज त्याला आहे. माझ्या पायाशी असलेल्या गाठोड्याला मात्र मी हात लावू दिला नाही. म्हटलं, बाईमाणसाचे कपडे आहेत, काट्यावर मांडायचं प्रदर्शन नव्हे. त्याने ते हलकं धरून हिशेब केला आणि सांगितलं, आता गाडी पिसासारखी जाईल.

शिवाय गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका बाईंनी त्याला सल्ला दिला होता की गाडीचा सगळ्यात जास्त जोर उलट्या गियरला असतो, चढ फार असेल तर पाठमोरं चढावं. म्हणजे तुझ्या घराकडे पाठ करून मी तुझ्या घरी यायचं. (आपल्या दोघींना ते शोभूनच दिसलं असतं.) तर टाकीपाशी सुनेला उतरवून गाडी वळवली आणि आम्ही पाठमोरे निघालो. मुलगा मान मुरगाळून मागे बघतोय, सून हातात दगड घेऊन गाडीच्या पुढून चालतेय, आणि मी समोर बघतेय. आम्ही सासूसुना सगळा चढ काचेतून एकमेकींकडे बघत चढलो. ती या घरात आल्यापासून इतका वेळ आम्ही एकमेकींकडे कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातातल्या दगडाकडे बघून मी कुठल्याच सूचना केल्या नाहीत.

पाठमोरी गाडी गेली कुठवर? मोचीच्या दुकानापर्यंत. मोची म्हणाला, या आजी, बाक पुसूनच ठेवलंय. मुलगा चाकाशी उकिडवा बसला आणि आपला मोठा काटाच खोटा असणार असं स्वतःशी पुटपुटायला लागला. बापाच्या वेळचा तो काटा, त्याच्यावर त्याने कधी संशय घेतला नव्हता. मला दया आली असं नाही, पण बघवेना. आम्ही तसेच परत आलो. तेव्हा तुझं घर काही मला बघायला मिळालेलं नाही आणि त्याचा दोष सर्वस्वी चढाचा, गाडीचा आणि तुझा आहे. सगळ्यांना यथायोग्य सांग. तुझ्या सुनेला सांग, जिन्यावर पाणी सांडू देऊ नकोस, तुझं हाड आता जुनं झालं आहे.

तुझी थोरली.

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? त्या गाठोड्यात कपडे नव्हते. आईचं मशीन होतं, लाकडी पाटासकट. पहिल्या दिवशी मुलगा आंघोळीला गेला तेव्हा दूधवाल्याने उचलून गाडीत माझ्या पायाच्या जागी ठेवलं, आणि तेव्हापासून ते गाडीतच होतं. दुसऱ्या खेपेला गाडी अडली तेव्हा मी मोचीला ते खाली काढायला सांगितलं. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, आजी, लुगडी लोखंडाची नेसता काय? मी म्हटलं, जपून ठेव. आता ते त्याच्या दुकानात मागच्या फळीवर आहे. त्याला एवढंच माहीत आहे की एक म्हातारी वरून येईल.

ता. क. दुसरं. गाठोडं उतरवल्यावर मुलाने पुन्हा एकदा गाडी चालू करून पाहिली. गाडी चढली. वळण चढली, तुझ्या भिंतीपर्यंत चढली आणि तिची पाठ तुझ्या फाटकाला टेकली. तू ऐकलास तो आवाज आमचाच. मुलगा म्हणाला, आई, पोचलो, उतर. मी म्हटलं, चल खाली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पायाशी रिकाम्या झालेल्या जागेकडे पाहिलं, आणि गाडी खाली सोडली. रिकाम्या हाताने मी कुणाच्या दारात जात नाही, तुझ्या तर नाहीच. तुला माझा अंबाडा दिसला असेल. पांढरा झालाय. घरी आल्यावर मुलाने तो मोठा काटा फडक्याने पुसून जागेवर ठेवला. मी खिडकीबाहेर बघत होते.

ता. क. तिसरं. तिकडे थंडी हाडात शिरते म्हणे. तुझ्यासाठी अस्तराचं जाड जाकीट कापून ठेवलं आहे, ते मशीनच्या झाकणात आहे. माप जुनंच धरलंय, सुटली असशील तर तुझं तू बघ. पण डबीशिवाय शिवायचं कसं? बाजारात नवी डबी मिळते हे मला आईच्या वेळेपासून माहीत आहे, मला अक्कल शिकवू नकोस. येत्या रविवारी सकाळी मी मोचीच्या बाकावर बसलेली असेन, आमची गाडी तिथवर येतेच. तुला तर नुसतं उतरायचं आहे, उताराला इंजिन लागत नाही, तुझ्या मुलाने आणलेली कसलीही गाडी चालेल. डबी घेऊन ये. बाही तू जोड, माझी बाही कायम उलटी बसते.

ता. क. शेवटचं. उत्तर तू लिहायचं. तुझ्या मुलाने फोन केला तर मी घेणार नाही, सुनेने सुंदर अक्षरात लिहिलं तर उघडणार नाही. 'येते' एवढं लिहिलंस तरी पुरे. त्यात जोडाक्षर नाही. 'येत नाही' यातही नाही, पण ते लिहायचं काम नाही.