मानाच्या जागेवरचा बूट

आदरणीय एर्गश मामा,

सलाम. गुडघा काय म्हणतो? मामी, गाई, खरबुजांचा मळा, सगळं ठीक ना? आम्ही ताश्कंदला सुखरूप आहोत (म्हणजे माणसं सुखरूप आहेत, प्रयोगाचं पुढे सांगते).

परवा प्रयोगशाळेत तुम्ही विचारलंत, "पोरी, दिवसभर काय बघत बसता?" आणि मी घाईत "वीज" म्हणून मोकळी झाले. आता नीट सांगते. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःचा चिमुकला चुंबकी कल असतो. दोन चुंबकी टोकांमध्ये आम्ही एकच रेणू अडकवतो. आशा अशी, की एका कलाच्या इलेक्ट्रॉनांना तो जाऊ देईल, परत मात्र येऊ देणार नाही (शेजारणीने नेलेल्या कढईसारखं). पण वर्षभर तो मेला जाणाऱ्यालाही वाट देतोय आणि येणाऱ्यालाही. आमच्या प्रमुख रोबिया आपांचे केस त्याच्यापायी पिकले. सोमवारी समिती येणार. काही निघालं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप.

थोरल्या पाहुण्याला दारापासून सगळ्यात लांब बसवायचं, ही आपली रीत. आमच्या खोलीत सगळ्यात लांब म्हणजे रेणूच्या त्या यंत्राशेजारची जागा. तुम्ही तिथे टेकलात आणि काय सांगू मामा, वीज एकाच दिशेने वाहू लागली! आपा रडल्या. समितीला फोनसुद्धा केला. प्रयोगातल्या माझ्या जोडीदाराने, दिलमुरोदने, पुलावाचे तांदूळ भिजत घातले. तुम्ही मिशीला पीळ देत म्हणालात, "माझा पायगुण!"

अहो, तुमचा बूट आमच्या तारेवर होता. तार दबून जोड सैल झाला, आणि आकडे खोटे बोलू लागले. दिलमुरोदला दिसलं, मला दिसलं. पण मानाच्या जागी बसलेल्या थोरल्याला "पाय उचला" म्हणायचं कुणी? तुम्ही उठलात तशी वीज पुन्हा दोन्हीकडे. आपा तेव्हा पुलावासाठी गाजरं आणायला गेल्या होत्या. त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. फार वाईट वाटतं हो.

तुमची भाची,
मुहय्यो

ता. क. पत्र तुमच्या चुस्त गावाकडे निघालेल्या टॅक्सीवाल्याकडे देतेय. रविवारी याल का? आपांना तुम्हीच सांगा. पाहुण्यावर त्या ओरडणार नाहीत.

ता. क. दुसरा. आपांनी मागे उभं राहून सगळं वाचलं! म्हणाल्या, "फोन ठेवून वळले तेव्हाच मला बूट दिसला होता गं. म्हटलं, पोरं एक दुपार तरी खुशीत राहू देत." मग त्यांनी समितीला खरं काय ते कळवून टाकलं. सोमवारचं सोमवारी बघू. तुम्ही मात्र रविवारी याच. जागा तीच आहे. तार तेवढी आपांनी स्वतः स्टुलावर चढून छताला बांधलीय.