टोकाशी थांबलेले

हार्लेम, शनिवार, १५ मे २०२१

वेल्समधल्या लीन द्वीपकल्पावरचा लेख आजही अडला. जमीन समुद्रात लांब घुसलेली आणि टोकासमोर बार्डसी बेट. शेवट तिथल्या मातीत व्हावा म्हणून जुन्या काळी यात्रेकरू चालत यायचे. बेट समोर दिसायचं, पण मधल्या पाण्याला अशी ओढ की होडी निघेपर्यंत टोकाशीच थांबावं लागे. इथवर लिहिलं आणि हात चालेना. ती माणसं वाऱ्यात उभी दिसत राहतात.

संध्याकाळी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. आईला जाऊन तीन आठवडे झाले. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून त्याने कलश मागच्या अंगणातल्या आंब्याला बांधलाय. माझ्यासाठी. आणि साथीमुळे विमानं तर बंद.

“ताई, तू आल्याशिवाय मी नदीवर जायचा नाही.”

“अरे, पण तिकडे वादळ येतंय ना?”

“वर छत्री बांधलीय. आईचीच, फुलाफुलांची.”

“तिला आवडायची नाही ती.”

“म्हणून तर बांधली. चिडून तरी बोलेल.”

दोघंही हसलो.

फोन ठेवला आणि पुन्हा ते टोक, तो वारा. इतके दिवस वाटत होतं, तिथे अडकलेली मीच. पण उभी तर आई आहे. आणि थांबवलंय कोणी? मीच ना?

पुन्हा फोन लावला. “उद्या ने तिला. माझी वाट बघू नकोस.”

 तो म्हणाला, “बरं झालं. वारा सुटला की मला झोपच लागत नाही गं.”